द शॅडोजची 'ट्वेंटी गोल्डन ग्रेट्स' : जुनी एलपी घेताना नववी धून आधी ऐका

१९६० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय रेकॉर्डच्या यादीत गायक क्लिफ रिचर्डचं 'प्लीज डोन्ट टीझ' पहिल्या क्रमांकावर होतं. तिथून त्याला खाली ओढलं ते त्याच्याच साथीदारांनी, म्हणजे 'द शॅडोज' या गिटारप्रधान बॅंडनं, 'अपाचे' या धुनेनं. गंमत अशी की 'अपाचे'च्या सुरुवातीचा आणि शेवटचा चिनी ढोल क्लिफनंच वाजवलेला आहे!

'ट्वेंटी गोल्डन ग्रेट्स' ही त्यांच्या वीस धुनांची एलपी (मोठी तबकडी) १९७७ ची. सगळ्या धुना साठच्या दशकातल्या, तरीही ती सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. 'अपाचे' पहिलीच असल्यामुळे मुख्य गिटारवादक हँक मार्विनचा हात लगेच कळतो. गिटारवर गायकी अंग म्हणतात ते हेच. धून सरळ, ताना नाहीत. स्ट्रॅटचा (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) व्हायब्रेटो आर्म, म्हणजे सूर हलवणारी दांडी, बोटांत धरूनच तार छेडायची आणि सुराच्या शेपटाला हलका हेलकावा द्यायचा. ऍम्प (ध्वनिवर्धक) व्हॉक्स कंपनीचा, आवाज स्वच्छ. बारीक तारा लावून आणि डिस्टॉर्शन (आवाजाला खरखर देणारा परिणाम) चढवून हे वाजवलं की धून किरकिरते; तिसरी तारसुद्धा गुंडाळीची, जाड घ्या. एको (प्रतिध्वनी) मेआत्सी या इटालियन यंत्राचा, अनेक हेडचा, म्हणजे आवाज परत वाचणाऱ्या अनेक टोकांचा. एकाच टॅपच्या (एकच प्रतिध्वनी देणाऱ्या) डिलेवर तो ठोकळेबाज वाटतो. दोन-तीन टॅप असमान अंतरावर ठेवा आणि त्यांचा आवाज मूळ सुरापेक्षा बराच हलका. रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी घुमण) वाढवून ती कसर भरून निघत नाही, उलट सगळा चिखल होतो. 'एफ.बी.आय.'मध्ये उजव्या तळहातानं दाबलेल्या खर्जाच्या तारा ऐका; शिकणाऱ्यानं सुरुवात तिथून करावी.

आता तक्रार. एका बाजूला दहा-दहा धुना कोंबल्या आहेत. लेबलजवळ खोबणीचा वेग कमी होतो आणि वरचे सूर फाटतात. नेमकी 'वंडरफुल लँड' पहिल्या बाजूला नववी! १९६२ मध्ये आठ आठवडे अग्रस्थानी राहिलेली, निर्माता नॉरी पॅरामोरनं मागे व्हायोलिनचा ताफा जोडलेली ही धून. झिजलेल्या तबकडीवर ती व्हायोलिनं पत्र्यासारखी वाजतात. जुनी प्रत घेताना सुई आधी तिथेच टेकवा. गोल टोकाच्या सुईपेक्षा लंबगोल टोकाची बरी. फक्त ऐकायचंच असेल तर सीडी घ्या, हा दोष तिच्यात नाही.

क्रमही काळानुसार नाही. 'मॅन ऑफ मिस्टरी' १९६० ची, पण बसवली आहे शेवटून दुसरी, १९६७ च्या 'मरॉक सेव्हन'नंतर. त्यामुळे बासवादक जेट हॅरिस आणि ड्रमवादक टोनी मीहन बॅंड सोडून गेल्यावर ताल कसा बदलला, हे कानाला सलग कळत नाही. दोन गिटार, बास आणि ड्रम ही मांडणी ब्रिटनभर पोरांनी यांच्याकडूनच उचलली. बीटल्सनीही १९६१ मध्ये हॅम्बर्गला 'क्राय फॉर अ शॅडो' ही गाण्याविना धून मुद्रित केली, नावातच कबुली. अमेरिकेत मात्र 'अपाचे' गाजवली ती डेन्मार्कचा गिटारवादक यॉर्गन इंगमनच्या प्रतीनं.

गिटार शिकणाऱ्यानं ही एलपी जरूर घ्यावी. इतिहास समजून घ्यायचा असेल तर १९६१ चा 'द शॅडोज' हा पहिला अल्बम सोबत हवाच. त्यातल्या तीन धुनांत ही मंडळी चक्क गातातही.