शॉस्कोप बॉक्स सेट: कडेला कापलेले फायटर एकदाचे दिसले

आधी कामाचं सांगून टाकते. हाँगकाँगच्या जुन्या कुंग फू पिच्चरचा हा डिस्कचा सेट घ्यायचा विचार असेल तर पहिले स्वतःचा ब्लू-रे प्लेअर बघा, कारण ब्लू-रे डिस्क जगाच्या भागाप्रमाणे, म्हणजे रीजनप्रमाणे, चालतात, या रीजन ए आणि बी ला लॉक आहेत आणि आपला भारत पडतो रीजन सी मध्ये, म्हणजे इथल्या साध्या प्लेअरवर चालतीलच असं नाही. इंदूरच्या जेल रोडवर मल्टी-रीजन, म्हणजे सगळीकडच्या डिस्क चालवणारा प्लेअर विचारायला गेले तर काउंटरवरचा पोरगा माझ्याकडे बघतच राहिला, म्हणे "दीदी, अब डिस्क कौन देखता है". मग भाच्याने न्यू जर्सीहून येताना प्लेअर आणि सेट दोन्ही बॅगेत घालून आणलं तेव्हा कुठे काम झालं.

आता सेटबद्दल. ॲरो व्हिडिओ नावाची ब्रिटिश कंपनी आहे, त्यांनी २०२१ च्या शेवटी हा काढला, शॉस्कोप व्हॉल्यूम वन. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या फिल्म कंपनीचे १९७२ ते १९७९ मधले १२ पिच्चर, ८ ब्लू-रे डिस्क, वर दोन सीडी नुसत्या बॅकग्राउंड म्युझिकच्या आणि ६० पानांचं पुस्तक. डबा चांगला जाडजूड आहे, शेल्फमध्ये उभा ठेवला तर वहिनीला वाटलं एन्सायक्लोपीडिया आणला.

पण एवढे पैसे कशासाठी घालायचे, यूट्यूबवर तर तुकडे पडलेलेच असतात ना? तर ऐका. हे पिच्चर सगळे रुंद फ्रेममध्ये शूट झालेत, २.३५ ला १. आपण लहानपणी जे बघितले ते व्हीसीआरवर, सुदामा नगरमध्ये कोणाच्या तरी घरी रात्रभरासाठी भाड्याने आणलेला सेट, समोर सतरंजीवर अख्खी गल्ली, आणि टीव्ही तो जुना चौकोनी. त्या चौकोनात बसवायला दोन्ही कडा कापायचे, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र गायबच! एक माणूस लाथ मारतोय, कोणाला मारतोय ते दिसत नाही, मग दुसऱ्या शॉटमध्ये कोणीतरी येऊन पडतो, आणि अपन समजून घ्यायचं की यालाच लागली. त्यामुळे आमच्या पिढीतल्या बऱ्याच लोकांना अजून वाटतं की हे जुने कुंग फू पिच्चर म्हणजे नुसता आवाज, हवेत हात आणि ढिश्शांव. या सेटवर ते मत बदलतं.

सगळ्यात जास्त फायदा होतो लाऊ कार-ल्युंगच्या पिच्चरना. हा माणूस आधी फाइट डायरेक्टर होता, मग डायरेक्टर झाला, आणि त्याची गुरुपरंपरा बघा, वडील लाम साय-विंगचे शिष्य आणि लाम साय-विंग हा खुद्द वाँग फेई-हुंगचा, म्हणजे चीनच्या नामांकित कुंग फू उस्तादाचा शिष्य. आपल्याकडे गाण्यात घराणं सांगतात ना, अगदी तसं. म्हणून तो फाइट कापून कापून दाखवत नाही, दोघांना डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये उभं करतो आणि लांब शॉट चालू ठेवतो, काय करायचं ते करा. कडा कापल्या की त्याचं कामच कापलं जातं हो.

'डर्टी हो' (१९७९) घ्या. हिरो गॉर्डन लिऊ राजपुत्र आहे पण जवाहिऱ्याच्या वेषात फिरतोय, आपल्याला फाइट येते हे कोणाला कळू द्यायचं नाही. तर एका सीनमध्ये तो हिरोईन कारा हुईच्या मागे उभा राहून तिचेच हातपाय असे हलवतो की समोरच्या चोराला वाटतं ही बाईच मारतेय. आणि दारूचा सीन! यजमान पेला पुढे करतो, हा हसून घेतो, वर गोडगोड गप्पा चालू आणि खाली टेबलाशी कोपर, गुडघा, पाय, सगळं युद्ध चालू. आम्ही तो सीन रिमोटने मागे घेऊन घेऊन बघितला, दादा तर टीव्हीसमोर उभाच राहिला. शेवट मात्र फार अचानक होतो, चटकन फ्रीझ आणि संपला, मला वाटलं डिस्क अडकली, पण तो तसाच आहे.

माझ्या मते सेटमधला एक नंबर पिच्चर आहे 'हीरोज ऑफ द ईस्ट' (१९७८). इंटरनेटवर लोक भलत्यालाच डोक्यावर घेतात, त्यावर येते पुढे. यात गॉर्डन लिऊचं लग्न ठरलेल्या जपानी मुलीशी होतं, तिला जपानी मार्शल आर्टचा नाद, सराव करता करता घराच्या भिंती पाडते, मग दोघांचं भांडण, तुझी विद्या मोठी की माझी. ती रुसून माहेरी जाते, हा डोकं चालवून आव्हानाचं पत्र लिहितो की चिडून तरी परत येईल, आणि पत्र पडतं तिच्या गुरुजींच्या हातात. आता पूर्ण जपानचा अपमान झाला म्हणून सात उस्ताद येऊन दारात उभे! तलवार, भाला, नानचाकू, शेवटी निंजा, प्रत्येकाशी वेगळी फाइट, प्रत्येकाला वेगळं उत्तर. आणि एकही माणूस मरत नाही, उलट हरलेल्याचा मान ठेवतात, त्या काळातल्या पिच्चरमध्ये ही मोठी गोष्ट आहे. आई सहसा "काय ती मारामारी लावलीय गं" म्हणून उठून जाते, ती हा पूर्ण बसून बघितली आणि वर सांगितलं की चूक नवऱ्याचीच आहे.

'एक्झिक्यूशनर्स फ्रॉम शाओलिन' (१९७७) मात्र आईसोबत बघू नका. लग्नाच्या रात्री लिली ली पाय घट्ट जुळवून पवित्रा घेते, की आधी हे सोडवून दाखव, आणि चेन कुआन-ताई बिचारा रात्रभर झटतोय. मग व्हिलन पाय मेई, पांढऱ्या भुवयांचा, हिरोची लाथ नको त्या जागी अडकवून त्याला तसाच फरफटत नेतो, आमच्याकडे एकदम शांतता पसरली होती. पाय मेईचा रोल लो लिएहने केलाय आणि काय केलाय. नंतर हॉलिवूडच्या 'किल बिल'च्या दुसऱ्या भागात तोच पाय मेई गॉर्डन लिऊने केला.

लो लिएहवरून 'किंग बॉक्सर' (१९७२). अमेरिकेत १९७३ मध्ये ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'च्या आधी हाच लागला आणि तिकडे कुंग फूचं वेड इथून सुरू झालं. डायरेक्टर कोरियन, जाँग चांग-ह्वा. हिरो चिडला की तळवे लाल होतात आणि सायरनसारखं म्युझिक वाजतं, ते 'किल बिल'मधून सगळ्यांना पाठ आहे. स्टोरी सरळ आहे, गुरूचा बदला, पण रंग बघा एकदा.

आता 'फाइव्ह व्हेनम्स' (१९७८), ज्याच्यावर सगळे फिदा. गोम, साप, विंचू, पाल, बेडूक अशा पाच विद्या, मुखवटे, कोण कोणता ते शोधायचं. डायरेक्टर चांग चेहचा पिच्चर. आयडिया झक्कास आहे, पण तो अर्ध्याहून जास्त डिटेक्टिव्ह पिच्चर आहे, कोर्टकचेरी आणि लाचखोरी, फाइटची वाट बघता बघता माझे पोहे गार झाले, वरून जीरावन मसाला टाकून परत गरम करावे लागले. त्याच टीमचा 'क्रिपल्ड ॲव्हेंजर्स' (१९७८) कितीतरी सरस आहे. एका क्रूर सरदाराने चौघांची वाट लावलेली, एकाचे डोळे, एकाचे कान आणि वाचा, एकाचे पाय, एकाची बुद्धी, आणि हे चौघं शिकून परत येतात. शेवटची गोल रिंगांची फाइट सर्कसवाल्यांनी बघून घ्यावी.

बाकीचे पटकन. 'बॉक्सर फ्रॉम शांटुंग' लांब आहे पण शेवटी पोटात कुऱ्हाड घेऊन हिरो लढतो ते विसरणं शक्य नाही. 'चायनाटाऊन किड' दोन आवृत्त्यांत दिलाय, लांब आणि आखूड, हिरो फू शेंगसाठी बघा, काय हसरा पोरगा होता, १९८३ मध्ये कार अपघातात गेला, वय फक्त २८. 'फाइव्ह शाओलिन मास्टर्स' आणि 'शाओलिन टेंपल' मला एकमेकांत मिसळूनच आठवतात.

आणि 'माइटी पेकिंग मॅन' (१९७७) यात कशाला घातला ते कंपनीच जाणे, तो कुंग फू नाहीच, हिमालयातला राक्षसी वानर हाँगकाँगला नेतात, सरळसरळ किंग काँगची नक्कल. पण एक गंमत, त्याचं काही शूटिंग खरंच आपल्या मैसूरला झालंय. हिमालय सांगून मैसूर! दादाला तोच सगळ्यात आवडला, आता काय बोलणार.

प्रिंटचं म्हणाल तर सात पिच्चर कंपनीने नव्याने २के (डिजिटल चित्राची बारकाई) मध्ये साफ केलेत, बाकीचे जुन्या मास्टर कॉपीवरून आहेत, मोठ्या टीव्हीवर फरक कळतो. आवाजात इंग्लिश डबिंग आहेच, पण मँडरिन, म्हणजे चिनी आवाज, लावून बघा, इंग्लिश सबटायटल्स वाचावे लागतील एवढंच. हिंदी-मराठीची आशा सोडा. दादा इंग्लिश डबिंगवरच अडून बसला होता, म्हणे तो भसाडा आवाज नसेल तर मजाच नाही, म्हणून एक पिच्चर त्याच्या मनासारखा, एक माझ्या.

ज्यांना फक्त 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' हवाय त्यांनी हा सेट घेऊ नका, तो यात नाही, २०२२ च्या व्हॉल्यूम टू मध्ये आहे, १४ पिच्चरचा. ब्रूस लीसाठी पण घेऊ नका, तो शॉ ब्रदर्सकडे नव्हताच, गोल्डन हार्वेस्ट या दुसऱ्या कंपनीकडे होता. बाकी घरात एखादा दादा असेल, मोठा टीव्ही असेल आणि बाहेरून कोणी येणार असेल तर आत्ताच यादीत लिहून पाठवा. आमचा भाचा दिवाळीला परत येतोय, व्हॉल्यूम टू चं सांगून ठेवलंय, फक्त वहिनीला अजून माहीत नाही.