भरतीला बोटही वर येते

शिडाच्या बोटीवर टॉयलेट बसवून घेणार असाल, तर मिस्त्रीला पैसे देण्याआधी हे वाचा. माझे 48 हजार तर गेलेच, बोटही जाता जाता वाचली.

माझी 28 फुटी जुनी बोट गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे समुद्रतळाशी नांगरलेल्या बोयाला बांधलेली असते. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, हातपंपाचं टॉयलेट बसवून घेतलं. बिलात बोटीच्या तळातल्या भोकांवरचे गनमेटलचे (खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या, तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचे) दोन व्हॉल्व्ह, वास झिरपू न देणारा सॅनिटेशन होज, व्हेंटेड लूप म्हणजे हवेच्या झडपेचं नळीचं वळण, सगळं लिहिलेलं.

दुसऱ्याच आठवड्यात भांडं काठोकाठ भरलेलं दिसलं. मिस्त्रीला फोन केला, तर म्हणाला, “साहेब, भरतीला पाणी चढतंच.” मी विश्वास ठेवला. अहो, बोट तरंगते, भरतीबरोबर तीही वर येते! मग भरतीचा संबंध काय? त्याने जोकर व्हॉल्व्ह बदलून पैसे घेतले, महिन्याभराने तेच पुन्हा. ती रबरी झडप नळीतली घाण भांड्यात परत येऊ देत नाही, तेवढंच तिचं काम. समुद्र तिच्याने अडत नाही.

एका सकाळी केबिनमधल्या फळ्याच तरंगताना दिसल्या. पंपाने पाणी उपसलं आणि टॉयलेटमागची प्लायची फळी उचकटली. भांडं समुद्राच्या पातळीखाली असेल, तर नळी पातळीच्या बरीच वर नेऊन वळवावी लागते आणि वळणाच्या माथ्यावर हवा घेणारी झडप लागते, नाहीतर सायफन होऊन पाणी आत येत राहतं. इथे नळी सरळ आडवी नेलेली. लूप नव्हताच.

मे महिन्यात बोट वर काढली. व्हॉल्व्ह खरवडला, तर आत गुलाबी रंग. म्हणजे पितळ! खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते ठिसूळ तांबं. रंगाऱ्याने हातोडीने जरासं ठोकलं, तर नळी जोडायचं तोंड बिस्किटासारखं तुटून हातात आलं. हेच 38 मिलिमीटरचं तोंड पाण्याखाली अर्ध्या मीटरवर तुटतं, तर मिनिटाला शंभराहून जास्त लिटर पाणी आत आलं असतं.

होजही साधाच निघाला. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीला गुंडाळा, गार झाल्यावर हुंगा. वास आला तर नळी घाण झिरपवते आहे.

सामान बसवण्याआधी हातात घेऊन बघा, फळी ठोकण्याआधी फोटो काढा, उरलेले पैसे त्यानंतरच द्या. बोट सोडताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि प्रत्येकाशेजारी मऊ लाकडाची गुट्टी बांधून ठेवा, व्हॉल्व्ह तुटलाच तर भोकात ठोकायला.

मिस्त्री आता फोन उचलत नाही. तुटलेला तुकडा मी बोटीवर जपून ठेवला आहे. ज्यांना सडलेलं पितळ कसं दिसतं ते बघायचंय, त्यांनी जरूर येऊन बघावं.