दगडफुलाचं पेंडंट, बुरशीचे कानातले: मला काय आवडलं, काय नाही

ऑनलाइन मशरूम ज्वेलरी शोधली की जिथेतिथे तीच लाल टोपी आणि पांढरे ठिपके, म्हणजे थंड प्रदेशात बर्च-पाइनच्या मुळाशी उगवणारं मशरूम, आपल्या पावसाळ्यात दिसतं त्यातलं काहीच नाही. त्यामुळे पुण्यात एका प्रदर्शनात बुरशी-दगडफुलाचे दागिने करणाऱ्या एका ताईंचा स्टॉल दिसला आणि मी तिथेच अडकले. एकट्याच सगळं हाताने करतात, दुकान नाही, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर.

सगळ्यात भारी आहे ते दगडफुलाचं पेंडंट. हो, गोड्या मसाल्यात घालतो तेच! वाळका खरा तुकडा प्लास्टरच्या साच्यात बंद करतात, भट्टीत तो जळून जातो आणि राहिलेल्या पोकळीत चांदी ओततात, त्यामुळे एका तुकड्याचा एकच दागिना, दुसरा तसाच मिळणार नाही. कडेच्या मुरडलेल्या पाकळ्या, त्यावरच्या बारीक सुरकुत्या, सगळं उतरलंय. आणि दगडफूल वरून राखाडी नि खालून काळं असतं ना, तर ह्यांनी पेंडंटची मागची बाजू ऑक्सिडाइज करून काळी केलीये आणि पुढची मॅट पांढरी ठेवलीये. घातल्यावर मागचं कुणाला दिसणारही नाही, तरी केलंय. जीव टाकला मी त्यावर.

झाडावरून खरवडून आणता का हे मी मुद्दाम विचारलं. नाही म्हणाल्या, वाऱ्यापावसात पडलेल्या फांद्यांवरचंच घेतात. हे महत्त्वाचं आहे कारण दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून होतं ते, आणि ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, म्हणजे हाताएवढा ठिपका ओरबाडला तर परत यायला कित्येक वर्षं.

दुसरे घेतले ते बर्ड्स नेस्ट फंगसचे कानातले. कुजक्या लाकडावर, शेणावर ही इवलीशी वाटी उगवते, आत चपट्या अंड्यांसारखे दाणे, पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की दाणे उडून लांब जातात आणि अशीच तिची बीजं पसरतात. ताईंनी तांब्याच्या वाटीत चांदीचे दाणे बसवलेत आणि ते चपटेच ठेवलेत, गोल मणी घालून काम उरकलेलं नाही. कानात जाणारी काडी ९२.५ चांदीची आहे त्यामुळे मला तरी त्रास नाही. तांबं मात्र घामाने काळवंडतं, मऊ कापडाने पुसायचं. पेंडंटला पितांबरी अजिबात लावू नका, मागचा काळा रंग निघून जाईल.

न आवडलेलं म्हणजे अंधारात चमकणारी अंगठी. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात लाकडावर मायसेना बुरशी उजळते ती स्वतःच्या आतल्या रासायनिक क्रियेने, तिला आधी उजेड दाखवावा लागत नाही. ह्या अंगठीत रेझिनमध्ये चमकणारी पावडर आहे, लाइटखाली धरा मग थोडा वेळ चमकणार. बाकी कामापुढे ती फार स्वस्त वाटते, आणि रेझिन पुढे पिवळं पडतं ते वेगळंच.

पेंडंट २,८०० रुपये, कानातले १,२०० ला पडले. चांदीच्या वजनाने बघाल तर महाग वाटेल, पण ह्यात पैसे कामाचे आहेत आणि ते काम डोळ्यांना दिसतं. ऑर्डर देताना पेंडंटच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा, प्रत्येक तुकडा वेगळा असतो, आणि साखळी आपली आपणच घ्या, त्यांच्याकडची फार नाजूक आहे.