टेस्टिंगचा अंदाज: टक्केवारी की तीन आकडे?

सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट 20 दिवस, म्हणून टेस्टिंग त्याच्या 30 टक्के, म्हणजे 6 दिवस. हिशेब दोन मिनिटांत होतो. कोटेशनपुरतं हे चालतं, तेही टक्का आपल्याच जुन्या प्रोजेक्टच्या नोंदींवरून काढला असेल तर. फसगत छोट्या बदलांत होते. जीएसटीच्या गणितातली एक ओळ अर्ध्या दिवसात बदलते, पण बिल, रिफंड, रिपोर्ट सगळं पुन्हा तपासायला तीन दिवस सहज जातात. टक्केवारीला ते दिसतच नाही.

तीन आकड्यांची पद्धत 1958 च्या पर्ट (PERT) या प्रोजेक्टचं वेळापत्रक आखायच्या तंत्रातून आली. आधी कामाचे तुकडे पाडायचे, मग प्रत्येकाला तीन आकडे: सगळं सुरळीत गेलं तर, बहुधा, आणि सगळंच बिनसलं तर. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन सरासरी काढायची. पेमेंटच्या टेस्टिंगला 4, 6 आणि 14 दिवस धरले, तर (4 + 4×6 + 14) ÷ 6 = 7 दिवस; प्रमाण विचलन, म्हणजे अंदाज साधारण किती इकडे-तिकडे होऊ शकतो ते, (14 − 4) ÷ 6, साधारण 1.7 दिवस.

इथली गोम तिसऱ्या आकड्यात. मॅनेजरसमोर लोक 14 ऐवजी 10 सांगतात आणि उत्तर 6.3 वर येतं. म्हणून आकडे आधी कागदावर, एकमेकांना न दाखवता लिहून घ्यावेत. बिल्ड (तपासायला दिलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती) उशिरा मिळणं आणि बग दुरुस्तीनंतरची फेरतपासणी तिसऱ्या आकड्यात हवीच. रिलीजची तारीख द्यायची असेल, तर हीच पद्धत वापरा.