ऐक्य प्रार्थना सप्ताहाची पुस्तिका: घ्या, पण कात्री लावून

१८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहासाठी दरवर्षी नवी पुस्तिका निघते. १९६८ पासून तिचं साहित्य व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. मसुदा मात्र दर वर्षी वेगळ्या ठिकाणचा गट लिहितो. दोघांच्याही संकेतस्थळावर फुकट मिळते. आत विषयाची ओळख, संयुक्त उपासनेचा क्रम आणि आठ दिवसांची वचनं, चिंतनं, प्रार्थना.

जमेची मोठी बाजू म्हणजे उपासनेच्या क्रमात प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) ठेवलेलं नाही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एका मेजाशी बसू शकत नाहीत, हे दुखणं खरंच आहे. पण ते त्या संध्याकाळी उकरलं जात नाही. वचन, पापकबुली, मध्यस्थीची प्रार्थना, शांतीची देवाणघेवाण यांत कोणालाच बाजूला बसावं लागत नाही.

क्रम जसाच्या तसा घेतला तर लांबतो. मध्यस्थीच्या विनंत्या चार-पाचच ठेवा, वाचनं वेगवेगळ्या मंडळ्यांना वाटून द्या आणि संदेश यजमान पाळकांनी देऊ नये. पाहुण्यांना पुलपीट मिळालं की निम्मा संकोच तिथेच जातो. गाणी पुस्तिकेतली नकोत. सगळ्यांना पाठ असलेली दोन भजनं पुरतात, पण शब्द छापा, कारण एकाच गीताची कडवी मंडळीगणिक बदलतात.

हमखास गोंधळ होतो तो प्रभूच्या प्रार्थनेत. 'वाइटापासून सोडव' म्हणून कॅथलिक थांबतात (मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, तिथे फादरांची प्रार्थना येते) आणि प्रॉटेस्टंट 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव' म्हणत पुढे जातात. पूर्ण मजकूर पत्रिकेत छापला की हा प्रश्न मिटतो. विश्वासांगीकाराचंही, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीचंही, तसंच: निकेयाचा (निकेया या प्राचीन चर्च परिषदेच्या नावाचा) घेणार असाल आणि ऑर्थडॉक्स मंडळी येणार असेल, तर 'आणि पुत्रापासून' या शब्दांचं (ऑर्थडॉक्स ते म्हणत नाहीत) काय करायचं ते आधीच्या बैठकीत ठरवा. दानार्पण कोणाच्या खात्यात जाणार, हेही तिथेच.

विषयाची ओळख जड आहे. ती पाळकांनी वाचावी, लोकांना वाटू नये. आठही दिवस संयुक्त सभा घेण्याचा हट्ट सोडा. काही मंडळ्यांचा स्वतःचा प्रार्थना सप्ताह जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात झालेला असतो, त्यामुळे गर्दी ओसरते. एक संयुक्त उपासना करा, बाकीची चिंतनं घरोघरच्या प्रार्थनासभांना द्या.

२०२५ ची पुस्तिका इटलीतल्या बोझे मठातल्या बंधुभगिनींनी लिहिली होती. विषय योहान ११:२६, निमित्त निकेया परिषदेची १७०० वर्षं. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी मात्र २०१३ ची शोधावी. ती भारतीय विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीची, मीखा ६:६-८ वर आधारलेली आहे. तिच्यात दलित ख्रिस्ती माणसाचा प्रश्न थेट येतो आणि आठही दिवस 'चालणे' या एकाच धाग्यावर ओवलेले आहेत. आपल्याकडे तिला फार समजावून सांगावं लागत नाही.