जादा चटईक्षेत्र की भाडेपट्ट्याची जमीन?

मुंबईतील झोपडवस्त्यांसाठी सरकारने दोन वेगळ्या सवलती देऊन पाहिल्या. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने आलेल्या वस्ती सुधार योजनेत रहिवाशांच्या सहकारी संस्थेला जमीन भाडेपट्ट्याने आणि घर सुधारण्यासाठी कर्ज मिळत असे. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मात्र विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्या जागेवर नेहमीपेक्षा जास्त बांधकाम करण्याची मुभा, मिळते आणि त्याच्या विक्रीतून पात्र कुटुंबाला मोफत सदनिका, हल्ली ३०० चौरस फुटांची.

दुसऱ्या योजनेत सरकारी तिजोरीवर फारसा भार पडत नाही, हे तिचे खरे बळ. पण नफा जमिनीच्या भावावर ठरत असल्याने विकासकाची पावले आधी महागड्या भागांकडे वळतात आणि गोवंडी-मानखुर्दसारख्या अधिक गरजू वस्त्या मागे राहतात. धारावीच्या कुंभारवाड्यात घरापुढेच भट्टी पेटते, गल्लीत ओली मडकी वाळत असतात. असे कुटुंब सातव्या मजल्यावर गेले, की घर मिळते आणि धंदा बुडतो. शिवाय लिफ्ट व पाण्याच्या पंपाचा खर्च दरमहा मानगुटीवर बसतो.

पहिल्या योजनेत कमाई जागच्या जागी टिकू शकत होती. दाट वस्तीत रस्ते रुंद करणे तिला अवघड होते, हे मान्य. तरीही पोटापाण्याच्या दृष्टीने मला तीच अधिक रास्त वाटते.