पाऱ्याचा लॅम्प की एलईडी? लेबल प्रेसवरचा अनुभव

आमच्या प्रेसवर दोन्ही वापरून झालंय. आधी शाई सुकवायला सगळीकडे पाऱ्याचे यूव्ही (अतिनील प्रकाशाचे) लॅम्प होते, आता एक स्टेशन (छपाईचा एक टप्पा) सोडून सगळीकडे ३९५ नॅनोमीटरचे एलईडी आहेत. तेव्हा माझं माप थोडं झुकलेलं असणार, हे आधीच सांगतो.

विजेचा हिशोब विक्रेता मांडून दाखवेलच, आणि तो बराचसा खराही असतो. पाऱ्याच्या लॅम्पची निम्म्याहून जास्त वीज उष्णतेतच जाते. मला मात्र वात आणला तो वाट बघण्याने. वीज क्षणभर लुकलुकली तरी लॅम्प विझतो, आणि गरम लॅम्प लगेच पेटत नाही. आत वाफेचा दाब चढलेला असतो. तो उतरेपर्यंत ब्लोअरची घरघर ऐकत उभं राहायचं, मग पेटवून पुन्हा तापू द्यायचा. याच धास्तीने प्लेट बदलतानाही आम्ही लॅम्प बंद करत नसू, नुसतं प्रकाश अडवणारं शटर लावायचो. छपाई शून्य, मीटर चालू! एकदा शटर अर्ध्यावर अडकलं आणि खाली थांबलेली लेबलची प्लास्टिक फिल्म आक्रसून चुरगळली. एलईडी बटणासरशी लागतो, प्रेस थांबली की विझतो. आमची बचत मुख्यतः इथे झाली असावी.

जुना लॅम्प मोडीत काढायची घाई मात्र नको. एकदा शाई सुकेना म्हणून लॅम्प बदलायला काढला, तर रिफ्लेक्टरवर (प्रकाश शाईकडे वळवणाऱ्या आरशावर) पांढरट थर बसलेला. तो पुसल्यावर त्याच लॅम्पने पुढे कितीतरी दिवस काम दिलं. (क्वार्ट्झच्या नळीला उघडा हात लावू नका, बोटांचे ठसे तापून कायमचे बसतात.)

आमच्या एलईडीला चिलर (थंड ठेवणारं यंत्र) सांभाळावा लागतो, शाईही त्याच्यासाठी बनवलेलीच लागते. वार्निशने (छपाईवरच्या पारदर्शक थराने) तर आम्हाला चांगलंच दमवलं. हवेतला ऑक्सिजन वरचा थर सुकू देत नाही. पाऱ्याच्या २५४ नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरी तिथे कामी येतात, एलईडीकडे त्या नाहीत. अंगठा फिरवला की चिकट लागायचं. म्हणून शेवटच्या स्टेशनवर पाऱ्याचा लॅम्प अजून आहे.

दिवसभर एकच लांब जॉब चालत असेल, तर कदाचित नवे रिफ्लेक्टरच पुरतील. दिवसातून दहादा प्लेट बदलत असाल, तर मी एलईडीच घेईन. फक्त चाचणी तुमच्याच शाईवर, तुमच्याच फिल्मवर आणि पूर्ण वेगात मागा. आम्हाला दाखवली ती संथ वेगातली होती, आणि त्या वेगात काहीही सुकतं.